तन्वीरचे तक्ते

जुई आठवीत गेल्यापासून सतरा वर्षांची होईपर्यंत तिला जे काही ऐकू येत होतं, ते सगळं तिच्या आईने लिहिलेलं होतं.

जुई जन्मतः बहिरी. ती वर्षाची असताना डॉक्टरांनी तिच्या कानामागे, कवटीच्या हाडात एक यंत्र बसवलं आणि त्याची बारीक तार अंतर्कर्णातल्या शंखात सोडली. बाहेरून कानावर एक मशीन लावायचं, हवं तेव्हा काढून ठेवता येणारं; ते आवाज टिपून आत पाठवी. चांगल्या कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशी असतात. त्या तारेवर त्यांच्या जागी वीसेक विद्युत-बिंदू होते. बाहेरचा आवाज या बिंदूंमध्ये कसा वाटायचा, कुठल्या क्षणी कुठला बिंदू किती चेतवायचा, हे एक प्रोग्राम ठरवत असे. वाटणी जमली तर मेंदूला शब्द कळतो. नाही जमली तर पत्र्यावर खडे ओतल्यासारखं काहीतरी ऐकू येतं.

तिची आई शाल्मली बर्वे मूळची मिरजेची. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून, नवऱ्याने दुसरा संसार थाटल्यावर मुलीला घेऊन माहेरगावी परतलेली. प्रोग्रामिंगच्या भाषा घडवणं हा तिचा व्यवसाय होता आणि वेडही. जुई आठवीत असताना नव्या पिढीची यंत्रं आली. जुईलाही तसं यंत्र बसवलं; त्याचा प्रोग्राम खिशातल्या फोनवर चाले. ही यंत्रं नुसती मेंदूकडे आवाज पाठवून थांबत नसत. मज्जातंतूवर उलट येणारा बारीक तरंगही ती वाचत. शब्द समजला की एका तऱ्हेचा तरंग उमटे, नाही समजला की दुसऱ्या. म्हणजे आपण जमवलं की फसलो, हे प्रोग्रामला शब्दाशब्दाला कळू लागलं. मग त्याने चालता चालताच स्वतःला सुधारत जावं, हे ओघानं आलं.

पण त्या वेळच्या रुळलेल्या भाषांमध्ये ते नीट जमेना. तिथे प्रोग्राम एकदा लिहिला की तो तसाच चालायचा. शाल्मलीने नवी भाषा घडवली आणि तिचं नाव ठेवलं 'लय'. लयमधला प्रोग्राम गरज पडली की स्वतःसाठी नवा शब्द घडवायचा आणि पुढच्या क्षणापासून तो वापरायचा. जुईच्या कानासाठी त्याने असे शेकडो शब्द घडवले होते. 'पंख्याच्या आवाजातला श' हा त्यातला एक, 'मागून येणारी हाक' हा आणखी एक. शाल्मलीला आपल्या या भाषेचा फार अभिमान होता, आणि तो रास्त होता.

या कामात तिचा जोडीदार होता तन्वीर मुजावर. दोघं कॉलेजात एका वर्गात होते. तन्वीरचा स्वभाव वेगळा. त्याला सिद्धांतांचा कंटाळा, पण फोनच्या आत काय चालतं ते त्याला तळहातासारखं ठाऊक. स्टेशन रोडला दोन खोल्या घेऊन दोघांनी काम सुरू केलं तेव्हाच वाटणी झाली होती. भाषा शाल्मलीची, फोन तन्वीरचा.

बिनसलं ते फोनवरूनच. बाजारात तेव्हा दोन वाटा होत्या. एक ल्युमेरा. फोन आणि त्याच्या आतली प्रणाली, दोन्ही एकाच कंपनीचं. त्यावर आवाज पोचायला लागणारा वेळ कायम सारखा आणि अगदी थोडा. समोरच्याच्या ओठांची हालचाल आणि कानातला शब्द जुळायचा तर हे फार महत्त्वाचं. पण ल्युमेरावर कंपनीच्या ॲप-दुकानातूनच प्रोग्राम घ्यावा लागे, आणि दुकानाचा नियम कडक होता. तपासलेला प्रोग्राम आणि चालणारा प्रोग्राम एकच असला पाहिजे. फोनच्या स्मृतीतल्या ज्या कप्प्यात लिहिता येई, तिथून काही चालवता येत नसे. चालता चालता स्वतःला बदलणाऱ्या लयला तिथे दारच नव्हतं. शाल्मलीने अर्ज केले आणि ते सगळे परत आले.

दुसरी वाट खुल्या फोनांची. तिथे कुणी काही विचारत नसे, वाटेल ती भाषा चालवा. पण ते फोन बनवणाऱ्या कंपन्या डझनभर, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. बॅटरी वाचवायची म्हणून फोन मागे चालणारा प्रोग्राम गुपचूप बंद करून टाकत. एकदा बसस्टँडसमोर रस्ता ओलांडताना जुईच्या फोनने असंच केलं. वळणाऱ्या बसचा हॉर्न तिला ऐकू आला नाही. कंडक्टरने दंडाला धरून मागे ओढली म्हणून वाचली.

त्या आठवड्यात तन्वीर म्हणाला की आपण ल्युमेरावर जाऊ. लयमधून नवा शब्द घडवण्याची सोय काढून टाकू. सगळे शब्द आधीच ठरवून तपासणीला देऊ. माणसागणिक जे बदलायचं ते नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात ठेवू. तक्ता म्हणजे माहिती, प्रोग्राम नव्हे. त्याला दुकान हरकत घेणार नाही.

"मग ती लय राहत नाही," शाल्मली म्हणाली. "नुसता तक्ता होतो."

"होऊ दे की तक्ता. लोकांना ऐकायला हवंय, शाल्मली. भाषा हवीय ती आपल्याला."

तिने त्याला सोयीसाठी विकला गेलेला माणूस म्हटलं. तन्वीरने आवाज चढवला नाही. महिन्याभरात त्याने आपलं टेबल हलवलं आणि सांगलीला स्वतःचं काम मांडलं.

त्याच्या ॲपचं नाव 'साद'. पहिल्या वर्षी ते फार काही चांगलं नव्हतं, आणि शाल्मलीला तो काळ सुखाचा गेला. लोक ॲपखाली तक्रारी लिहीत त्या ती चहा घेताना वाचायची. कुणी लिहिलं की लग्नघरात काही कळत नाही, तर तिला दिवसभर हुशारी वाटायची. मग तक्रारी कमी झाल्या. मग लोक आभार मानू लागले. भंडाऱ्याच्या एका आजोबांनी लिहिलं की नातवाचं बोबडं बोलणं कळतंय. ते वाचून शाल्मलीने फोन पालथा ठेवला आणि चहा तसाच निवला.

सांगलीच्या नाट्यगृहात तन्वीरचा सत्कार झाला. आमंत्रण होतं म्हणून ती गेली. भाषणात त्याने सांगितलं की यातलं मूळ सगळं शाल्मली बर्वे यांचं आहे, मी फक्त ते लोकांपर्यंत पोचवलं. लोक माना वळवून तिला शोधू लागले. तिने हसून नमस्कार केला. मनात मात्र आलं की याला उदारपणासुद्धा किती स्वस्तात परवडतो. माझं नाव घेतलं आणि टाळ्या स्वतः नेल्या.

जुई बारावीला गेली आणि तिने ल्युमेराचा फोन मागितला. मैत्रिणींकडे आहे म्हणून नाही, तिने सरळ सांगितलं, तर तन्वीरकाकांचं ॲप वापरून बघायचंय म्हणून. शाल्मलीने बरीच कारणं काढली. जुईने ती सगळी ऐकून घेतली आणि तरी हट्ट सोडला नाही. शेवटी ती एकटीच सांगलीला गेली. तन्वीरने तिच्या यंत्राची जोडणी स्वतः करून दिली.

परत आली तेव्हा शाल्मली स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने विचारलं, जेवणार ना. जुई दारातच थांबली. पुन्हा बोल म्हणाली. शाल्मलीने पुन्हा विचारलं.

"आई, तुझा आवाज असा आहे होय?" जुई म्हणाली. "मला वाटायचं तू कायम चिडलेली असतेस."

ती येऊन आईच्या पाठीला बिलगली आणि काहीही बोल, नुसती बोलत राहा, असं सांगू लागली. शाल्मली बोलत राहिली. मेथीबद्दल बोलली, शेजारच्यांबद्दल बोलली. जुईचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी आईला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण एक गोष्ट सलत राहिली. तिचा स्वतःचा आवाज तिच्या मुलीला दुसऱ्याच माणसाने दिला होता. इतकी वर्षं ती जीव तोडून लिहीत होती, आणि त्यातून मुलीला ऐकू येत होती एक चिडकी बाई.

पुढे घरात 'तन्वीरकाका म्हणाले' हे शब्द रोज येऊ लागले. शाल्मली मोठ्या आवाजात भांडी घासू लागली.

एका रविवारी तिने 'साद'ची नवी आवृत्ती उघडून आत काय आहे ते तपासलं. हे सोपं काम नव्हतं, पण ज्या भाषेच्या हाडांवर ते उभं होतं ती तिचीच होती. दुपारपर्यंत तिला जे हवं होतं ते सापडलं. तन्वीरच्या तक्त्यांत नुसते आकडे राहिले नव्हते. एक तक्ता दुसऱ्या तक्त्याला हाक मारत होता, तो तिसऱ्याला. 'साद' स्वतःच नवे तक्ते तयार करत होतं आणि त्यांना जुन्यांमध्ये गुंफत होतं. याला काहीही नाव द्या, हा नवा शब्द घडवण्याचाच प्रकार होता. तिने जे सोडायला नकार दिला होता, तेच तन्वीरने पुढच्या दाराबाहेर ठेवून मागच्या दाराने आत घेतलं होतं. शाल्मलीला खूप दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने 'साद'विरुद्ध ल्युमेराकडे तक्रार केली. ल्युमेराच्या तपासणी विभागातल्या जानकी अय्यंगार नावाच्या बाईंनी शाल्मलीला व्हिडिओ कॉल केला. त्यांचं बोलणं नेमकं होतं. 'साद' ज्या भाषेवर आधारलेलं आहे ती तुमची, म्हणून तज्ज्ञ म्हणून तुमचं मत हवं. प्रश्न एकच. वापरणाऱ्याच्या फोनवर हे ॲप न तपासलेला प्रोग्राम चालवतं का? तुमचं उत्तर 'हो' असेल तर ॲप दुकानातून काढलं जाईल आणि ज्यांच्या फोनवर आहे तिथेही बंद होईल.

खरं उत्तर 'हो' होतं. शाल्मलीने अभ्यासाला मुदत मागितली.

खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि इथे खोटं बोलायची गरजही नव्हती. खरं बोलावं की तन्वीर संपला. प्रामाणिकपणा आणि मत्सर दोघंही तिला एकाच दिशेला ओढत होते. कुणाचा हात धरून ती चालली आहे, हे तिचं तिलाच सांगता येईना. तिने जुईला सांगून टाकलं, कारण बंद पडणार होता तो जुईचा कान.

जुईने बराच वेळ टेबलावरच्या मिठाच्या दाण्यांशी चाळा केला.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "पण ते सांगताना तुला बरं वाटणार असेल, तर मला आधी कळव. मी त्या दिवशी मशीन काढून ठेवीन. तो आवाज मला ऐकायचा नाही."

शाल्मली कामाला बसली ती तन्वीरला आणखी खोलात पकडायलाच, हे मान्य करायला हवं. एकमेकांना हाका मारणाऱ्या तक्त्यांमध्ये एक धोका असतो. पहिल्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याला, तर ते चक्र कधी थांबतच नाही. आणि हे चक्र जर कानातल्या बिंदूला चेतवत राहिलं तर तंतू कायमचा दुखावू शकतो. असं एक चक्र सापडलं की प्रश्न मिटला. मग मत्सराचा आरोपही कुणी करू शकणार नाही. मग ती लोकांचे कान वाचवणारी ठरेल.

तिने संगणकात खोटा कान तयार केला आणि त्याला 'साद' जोडलं. कारखान्याचा खडखडाट ऐकवला, वरातीचा बँड ऐकवला, तरंगांमध्ये मुद्दाम गोंधळ घातला. तक्ते वाढत गेले, गुंतत गेले, पण चक्र काही होईना. तिने हाताने चक्र तयार करून आत घुसवायचा प्रयत्न केला. 'साद'ने ते घेतलंच नाही. मग ती मागे टेकून बसली आणि प्रश्न उलटा विचारला. हे का होत नाही?

कारण साधं होतं. तन्वीरचा प्रत्येक तक्ता फक्त आपल्यापेक्षा आधी जन्मलेल्या तक्त्याला हाक मारू शकत होता. म्हणजे खाली, वर कधीच नाही. जिन्यावरून फक्त उतरायचं असेल तर माणूस कधीतरी तळमजल्यावर पोचतोच. तसंच इथेही. कितीही गुंता झाला तरी काम संपणारच. शिवाय प्रत्येक तक्त्याला खालच्याने दिलेला जोर कमी करता येत होता, वाढवता येत नव्हता. म्हणजे कुठलाही नवा तक्ता चालवण्याआधी, फोनच्या आतच, एक छोटासा तपासनीस डोळ्याचं पातं लवण्याआधी सांगू शकत होता की हा सुरक्षित आहे. दुकानाचा नियम मोडायची गरजच नव्हती. दुकानातला तपासनीस प्रत्येकाच्या खिशात पाठवता येत होता.

लयमध्ये हे कधीच शक्य नव्हतं. लय कुठल्याही शब्दाला कुठेही जाऊ द्यायची, आणि ज्याला कुठेही जाता येतं त्याच्याबद्दल आधी काहीच सांगता येत नाही. तिने वर्षानुवर्षं या मोकळेपणालाच भाषेचा प्राण मानलं होतं. तन्वीरने लयचा एक हात बांधला होता, आणि त्या बांधण्यातून शाल्मलीला कधी न सुचलेली गोष्ट निघाली होती.

तोवर तिला त्याच्या यशाचा हेवा वाटत होता, टाळ्यांचा वाटत होता, जुईच्या प्रेमाचा वाटत होता. ते सगळं त्या दुपारी फिकं पडलं. ही कल्पना सुंदर होती आणि ती तिची नव्हती. तिने खुर्चीतून उठून तोंड धुतलं, परत आली, परत तेच पडद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला गेली. किती वर्षांनी ती त्याच्या दारात उभी होती. तन्वीरने चहा मागवला. तक्रारीचं त्याला कळलं होतं, आणि तिला विचारणा झाल्याचंही. तू काय सांगणार, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की हो म्हणणार आहे, तो प्रोग्रामच आहे. तो उठून खिडकीशी गेला. बाहेर बाकावर त्याच्याकडे आलेली माणसं बसली होती. एक म्हातारी सुनेचं बोलणं ऐकून हसत होती.

मग शाल्मलीने विचारलं, तक्त्याने खालीच हाक मारायची, वर नाही, हा नियम तुला कसा सुचला.

"सुचला कसला. वर मारू दिली की फोन गरम व्हायचा. म्हणून बंद केलं."

त्याला ठाऊकच नव्हतं. फोन गरम होऊ नये म्हणून लावलेल्या खिळीने काय साधलं आहे, ते या माणसाला ठाऊक नव्हतं. शाल्मलीला आधी हसू आलं आणि मग राग. तिने कागद ओढला आणि त्याला जिना काढून दाखवला. तो ऐकत गेला तसा त्याने चहाचा कप बाजूला सारला. हे सिद्ध करता येईल का, त्याने विचारलं. तिने सांगितलं की मला येईल, तुला नाही येणार. हे ती थोडं चवीने म्हणाली.

ल्युमेरासमोरच्या बैठकीला दोघंही पडद्यावर होते. जुई आईच्या मागे भिंतीला टेकून बसली होती, मशीन कानावर होतं. जानकीबाईंनी प्रश्न विचारला. शाल्मली म्हणाली, हो, हा न तपासलेला प्रोग्राम आहे. तक्रार करणाऱ्या कंपनीचे लोक सावरून बसले. मग ती पुढे बोलत राहिली. तिने सिद्धता मांडली, पायरीपायरीने, आणि तिने लिहिलेला छोटा तपासनीस सगळ्यांसमोर चालवून दाखवला. नियम ज्या भीतीपोटी केलाय ती भीती इथे उरत नाही, असं तिने सांगितलं. नियम मोडलाय हे मात्र तिने शेवटपर्यंत नाकारलं नाही.

ल्युमेराने निर्णय दिला तो अर्धा गोड, अर्धा कडू. तपासनिसाची छाननी होईपर्यंत 'साद' बंद. छाननीत टिकलं तर अशा प्रोग्रामांसाठी नियमात जागा करू.

एका संध्याकाळी हजारो लोकांचे कान एकदम मिटले. जुईचेही. तिने आईला खुणेने विचारलं, आता? शाल्मलीने कपाटातून जुना खुला फोन काढला. बैठकीच्या आधीपासूनच ती आणि तन्वीर त्याच्यावर खपत होते. खुल्या फोनांवर कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून तिने तन्वीरचे तक्ते जसेच्या तसे तिकडे नेले होते. मागे चालणारा प्रोग्राम फोनने मारू नये म्हणून तन्वीरने एकेका कंपनीच्या खोड्या हुडकून त्यांना बगल दिली होती. ल्युमेराइतकं सफाईदार नव्हतंच ते. ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे व्हायचे. पण ऐकू येत होतं. छाननी संपेपर्यंत गावोगावची माणसं खिशात दोन फोन घेऊन हिंडली, एक बोलायला आणि एक ऐकायला. शाल्मलीने ठरवलं की यापुढे एका दाराच्या भरवशावर राहायचं नाही. दोन्ही फोनांवर चालेल तेच लिहायचं.

उन्हाळा सरता सरता ल्युमेराची घोषणा आली. 'साद' परत सुरू झालं होतं. नियमात नवं कलम आलं होतं. फक्त खाली उतरणाऱ्या, तपासनीस सोबत बाळगणाऱ्या प्रोग्रामांना आता ल्युमेरावर मुभा होती. जगभरच्या छोट्या भाषांसाठी दार किलकिलं झालं होतं. घोषणेत त्या कलमाला एक नावही दिलं होतं. मुजावर नियम.

शाल्मलीने ते दोनदा वाचलं. जुई शेजारी उभी होती, आनंदात होती, आईला काय झालं ते तिला कळेना. शाल्मलीने पायांत चपला सरकवल्या आणि सरळ सांगलीची बस धरली.

तन्वीर त्याच्या टेबलाशी बसून ल्युमेराला उत्तर लिहीत होता. ती दारातूनच म्हणाली की सिद्धता माझी आहे, तपासनीस माझा आहे, भाषा माझी आहे, आणि मला माझं नाव हवंय. मनाचा मोठेपणा वगैरे मला जमत नाही. तू मिरवतोस ते मला बघवत नाही, कधीच बघवलं नाही.

तन्वीरने पडदा तिच्याकडे वळवला. तो तेच लिहीत होता. नाव बदला, असं त्याचं पहिलंच वाक्य होतं.

"बैठकीत तू बोलत होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, माझंच काम आहे आणि मला ते कळतच नव्हतं. ही बाई आली आणि माझ्या घरातली खोली मला दाखवून गेली. कॉलेजपासून हेवा करतोय मी तुझा, शाल्मली. तुला आत्ता कुठे सुरुवात झालीय."

ती आत आली. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. त्याने सुचवलेलं नाव होतं 'मुजावर-बर्वे नियम'. तिने कळफलक आपल्याकडे घेतला. ब हा म च्या आधी येतो, एवढंच सांगितलं, आणि नावांची अदलाबदल केली.